‘दहा दिवसांत चेहरा सोलला, सुरकुत्या तशाच’ या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार मॅडम,

एक स्टार दिलात, हरकत नाही. तुमचं म्हणणं असं की सुरकुत्यांच्या क्रीमने दहा दिवसांत तोंड लालबुंद होऊन सालपटं निघाली, सुरकुत्या आहेत तिथेच आहेत, वर आम्ही उघडलेली ट्यूब परत घेतली नाही आणि जास्त पॉवरची मागितली तर तीही दिली नाही. तुमच्या केस पेपरमधलं मी इथे काही लिहिणार नाही, ते चारचौघांत मांडायचं नसतं. पण क्रीमबद्दल बोलते, नाहीतर हे वाचून बाकीचे उगाच घाबरतील.

या क्रीममधलं ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून आलेलं औषध आहे, कॉस्मेटिक नाही. मुळात ते पिंपल्ससाठीचं, उन्हाने खराब झालेल्या स्किनसाठी अमेरिकेत ०.०५ टक्क्यांच्या क्रीमला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि तिथल्या लेबलवरच स्पष्ट म्हटलंय की बारीक सुरकुत्या, डाग आणि खरखरीतपणा कमी व्हायला मदत होते, सुरकुत्या साफ जात नाहीत. खोल रेघांसाठी तर हे क्रीम नाहीच, हे पहिल्याच दिवशी सांगतो आम्ही, पण ऐकायला कुणाला आवडत नाही! आत कोलॅजन, म्हणजे स्किन घट्ट ठेवणारं प्रथिन, वाढायला महिने जातात, जो काय फरक पडायचा तो बराचसा पहिल्या सहा महिन्यांत दिसतो. दहा दिवसांत दिसतं ते फक्त सालं निघणं, कारण वरचा थर नेहमीपेक्षा भराभर बदलायला लागतो.

आता तुम्हीच लिहिलंय की ‘रोज रात्री छान जाडसर थर लावला, डोळ्यांखाली पण’. अहो मॅडम, अख्ख्या चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढं पुरतं! तोंड धुतल्यावर वीस-तीस मिनिटं थांबून, स्किन पूर्ण कोरडी झाल्यावर लावायचं, सुरुवातीला एक रात्र आड, आणि डोळ्यांजवळ, नाकाच्या कडेच्या घडीत, ओठांच्या कोपऱ्यात नाही, तिथे ते साचतं आणि आग आग होते. जाड लावल्याने काम लवकर होत नाही, जळजळ तेवढी वाढते.

जास्त पॉवरचं म्हणाल तर ०.०२५ आणि ०.१ टक्के अशी तुलना ४८ आठवडे करून झालेली आहे, सुधारणा साधारण सारखीच निघाली आणि त्रास मात्र ०.१ वाल्यांना बराच जास्त. म्हणजे सोललेल्या चेहऱ्यावर फोनवरून पॉवर वाढवून द्यायची? ते माझ्याकडून होणार नाही, अजून एक स्टार कापलात तरी. आणि उघडलेली औषधाची ट्यूब परत घेऊन मी दुसऱ्या पेशंटला देऊ शकत नाही, तुम्हाला तरी चालली असती का तशी?

‘प्रेग्नन्सीचे नको ते प्रश्न विचारले’ हेही वाचलं. ते आम्ही सगळ्याच बायकांना विचारतो आणि विचारत राहणार, प्रेग्नन्सीत किंवा तसं प्लॅनिंग असताना हे क्रीम देत नाहीत. मैत्रिणीच्या बिनलेबलच्या डबीने आठवड्यात ग्लो आला म्हणता, तर अशा डब्यांत कित्येकदा स्टिरॉइड असतं, तिला वेळीच दाखवून घ्यायला सांगा. आणि ‘मी घरातच असते’ म्हणून सनस्क्रीन सोडू नका, सुरकुत्या आणणारे युव्हीए किरण खिडकीच्या काचेतून आत येतात, सकाळचं सनस्क्रीन नसेल तर रात्रीच्या क्रीमचा फारसा उपयोग नाही.

आत्ता एवढंच करा, आज रात्रीपासून क्रीम बंद, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, स्क्रब, ब्लीच, वॅक्सिंग काही नको. सूज, फोड किंवा पाणी येत असेल तर लगेच दाखवा, इथे नाहीतर जवळच्या कुठल्याही स्किनच्या डॉक्टरांना. तसं काही नसेल तर चेहरा शांत झाला की फोन करून या, फॉलोअपची फी घेणार नाही, आणि येताना ट्यूब आणा, किती उरलीय ते बघायचंय मला.