डिप्लोमॅटिक पासपोर्ट म्हणजे सगळं माफ नाही
"डिप्लोमॅटिक पासपोर्ट असला की परदेशात अटकच होत नाही, देवयानी खोब्रागडेंची केस बघा" असा मेसेज फिरतोय. अहो, पण त्यांना अटक झालीच होती की, डिसेंबर २०१३, न्यूयॉर्क! तेव्हा त्या तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये (वाणिज्य दूतावासात) अधिकारी होत्या आणि कॉन्सुलेटवाल्यांना १९६३ च्या व्हिएन्ना करारात इम्युनिटी (अटक-खटल्यापासून संरक्षण) मिळते ती मुख्यतः ऑफिसच्या कामापुरती, घरकामवालीच्या व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचा त्यांच्यावरचा आरोप त्यात बसत नाही असं अमेरिकेचं म्हणणं. मग त्यांना यूएनच्या भारतीय मिशनमध्ये घेतलं तेव्हा कुठे पूर्ण इम्युनिटी आली, आणि मार्च २०१४ मध्ये कोर्टाने आरोपपत्र रद्द केलं. दोनच दिवसांत सरकारी वकिलांनी नवीन दाखल केलं, हे मात्र मेसेजवाले सोयीस्कर गाळतात. बघतात ते पद, पासपोर्टचा रंग नाही.