मैल माझे, मुदत त्यांची

महिन्यातून दोनदा पुणे-दिल्ली, वर्षातून एकदा लेकीकडे फ्रँकफर्टला. एवढाच माझा प्रवास. पण विमानप्रवासावर कंपन्या जे मैल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरायचे गुण देतात, ते कुठे साठवावेत हे ठरवताना जीव मेटाकुटीला येतो! दिल्लीसाठी सोयीची वेळ बहुतेकदा इंडिगोची, ती स्टार अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकींच्या प्रवासाचे मैल एकाच खात्यात जमा करू देणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटात, नाही. फ्रँकफर्टला लुफ्थान्सा, ती आहे. एअर इंडियाही २०१४ पासून आहे. म्हणजे एका कार्डात सगळं मावतच नाही.

आणि मैल अंतरावर मिळतात असं कोण म्हणतं? बऱ्याच ठिकाणी तिकिटावर किती खर्च केला किंवा भाड्याचा वर्ग कोणता, यावर मिळतात. स्वस्त तिकीट काढलं की हातात चिंचोके.

गेल्या वर्षी एका कंपनीकडचे माझे अठरा हजार मैल एका रात्रीत गेले. मुदत संपली म्हणे. फोनवर चाळीस मिनिटं तीच धून, मग, ‘सॉरी मॅडम, सिस्टिम घेत नाही.’ अहो, ते मैल होते तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात एक सीट दिली नाहीत! जी ‘फुकट’ दाखवलीत तिच्यावर कर आणि अधिभार वेगळे. पहाटे तीनला उठून लोहगाव गाठलंय मी त्या मैलांसाठी. ते माझे होते.