पाखरं उडवायला दोन द्या

परवा भंगारवाल्याने माझ्या ११२ व्हिडिओ कॅसेटी तराजूत घ्यायलाच नकार दिला. एक कॅसेट कानाशी नेऊन नारळासारखी हलवली आणि म्हणाला, "काका, ह्या न्यायच्या तर पैसे तुम्हीच द्या."

त्याला बोलावलं होतं बायकोने. मला विकायच्या नव्हत्याच. पण मुलगी द्यायची नाही हे आपलं ठरलेलं असलं, तरी समोरून नकार आला की लागतंच.

"अरे, लोखंड आहे त्यात. एकेकीला पाच स्क्रू."

"काढून ठेवा. पुढच्या खेपेला नेतो."

मग त्याने झाकण उचकटलं आणि पट्टीला बोट लावलं. "किती लांब असती?"

चला, कोणीतरी विचारलं! मी खुललो. "तीन तासांची असेल तर अडीचशे मीटरच्या वर."

"मग दोन द्या. गावाला जोंधळ्यावर पाखरं लई बसत्यात. पट्टी ताणून बांधली की वाऱ्यानं घूं घूं करती." लेबलं वाचत त्याने नेमका 'पिंजरा' उचलला. "ही द्या. पाखरांसाठी नाव बेस आहे."

शांतारामबापूंचा १९७२चा पिक्चर, जोंधळ्यावर! हिसकावून घेतला.

हा पिक्चर मी टीव्हीवरून उतरवलाय, मध्ये 'व्यत्यय'च्या पाटीसकट. मुलगा म्हणतो, मोबाईलवर सगळं मिळतं. ती पाटी मिळते का? दर पावसाळ्यानंतर माळ्यावरून खोकी उतरवून पट्टीच्या कडेची पांढरी बुरशी मी पुसतो, हा कधी फडकंही आणून देत नाही. व्हीसीआर बंद पडलाय, कबूल. जपानमधल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ साली ते बनवणं सोडलं, त्यात माझा काय दोष? गणपतीत रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायला हीच आळी माझ्या दारात चपला काढायची. चहा माझा, वीजबिल माझं. आज त्याच आळीतले लोक गॅलरीतून बघत होते. एकजण तर वरून ओरडला, "देऊन टाका हो!"

शेवटी एक दिली. मेहुण्याच्या लग्नाची. पूर्ण तीन तास, त्यात सव्वा तास नुसते आहेर. एक पाखरू टिकणार नाही.

"कव्हर राहू द्या तुम्हालाच," तो म्हणाला.

ते रिकामं कव्हर मी जागच्या जागी, लेबल बाहेर दिसेल असं, उभं करून ठेवलंय. बायको अजून काही बोललेली नाही.