विषय पुकारला, सभा तहकूब

अभिनंदन, तुम्ही मुंबई महानगरपालिकेवर नगरसेवक म्हणून निवडून आलात. चौकातला तुमच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून कुणी उतरवला नसेल (उतरवायला लावणार कोण, ते आता तुमचंच खातं). परवा तुमच्या हातात पहिली कार्यक्रमपत्रिका पडेल. बाहेरचे लोक हिला विषयपत्रिका म्हणतात. पालिकेत मात्र कार्यक्रमपत्रिकाच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. विषय नुसता घ्यायचा नसतो, त्याचा कार्यक्रम करायचा असतो.

तो कसा करायचा, हे पालिकेच्या सभा बघण्यात केस पिकलेला माणूस म्हणून सांगतो. सल्ला फुकट आहे, निविदा काढावी लागणार नाही.

समजा, तुमच्या प्रभागात लालबागकडे एक जुनी तीन मजली चाळ आहे. तिथे पाणी पहाटे साडेतीनला येतं आणि पावणेपाचला जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तीनला उठतात, जिना उतरून मोटरचा खटका दाबतात आणि वर येऊन पिंपाशेजारी पाट टाकून बसतात. प्रचारात तुम्ही त्यांच्या हातचा चहा प्यायलात आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणालात, "आजी, पहिल्याच सभेत तुमचा विषय घेतो." मग घ्यायलाच हवा. विषय घेणं वेगळं आणि विषय सोडवणं वेगळं, एवढं उमगलं की निम्मी नगरसेवकी आली म्हणून समजा.

आता तुम्ही भोळेपणाने प्रभागातल्या पाणी खात्याच्या माणसाला फोन कराल. चुकूनही करू नका. तो चावीवाल्याला (पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा तो) विचारेल, चावीवाला म्हणेल की बाजूच्या लाईनचा व्हॉल्व्ह अर्धा तास उशिरा बंद केला तर जमतंय बहुतेक, आणि काम होऊन जाईल. ना फोटो, ना बातमी. चाळीतले लोक श्रेय चावीवाल्याला देणार आणि गणपतीत पावतीही त्याच्याच नावाने फाडणार.

म्हणून ठरावाची सूचना द्या. सुरुवात ठरलेली असते: "या महानगरपालिकेचे असे मत आहे की". त्यापुढे चाळीचं नाव नको. "बृहन्मुंबईतील सर्व चाळींना नागरिकांच्या सोयीच्या वेळी पाणीपुरवठा होणेबाबत सर्वंकष धोरण आखण्यात यावे" असं लिहा. 'सर्वंकष' विसरू नका. एका चाळीची वेळ उद्या बदलू शकते, सर्वंकष धोरण मात्र तुमच्या नातवाच्या प्रचारातही कामाला येईल. 'होणेबाबत'ही हवंच. जी गोष्ट व्हायची नाही, तिच्यापुढे 'बाबत' लावलं की ती झाल्यासारखी दिसते.

कायद्याची भीती बाळगू नका. पालिका चालते ती १८८८ च्या कायद्यावर. त्याचे शिल्पकार फिरोजशहा मेहता पुतळ्याच्या रूपाने मुख्यालयासमोर उभे आहेत. १८९३ ची ती देखणी इमारत त्यांच्या पाठीमागे आहे, त्यामुळे आत काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. कायदा सांगतो, महिन्यातून निदान एक सर्वसाधारण सभा घ्या आणि तिची सूचना सात पूर्ण दिवस आधी द्या. सभेत काही ठरलंच पाहिजे, असं मात्र मला त्यात कुठे सापडलं नाही.

विषयांचा क्रम ही खरी कारागिरी. ती आपल्या हातात नाही, चिटणीस खात्याच्या हातात आहे, असं कुणी म्हणालं तर नुसती मान डोलवा. सभेआधी गटनेत्यांची सभा असते आणि तिथे चहा असतो. कशावर भांडायचं आणि कशावर भांडायचं नाही, हे त्या चहावर ठरतं. मग सभागृहात भांडण कसं रंगतं बघा! आवाज चढतात, कागद भिरकावले जातात, सभात्याग होतो आणि सभात्याग केलेले लोक उपाहारगृहात सभात्याग न केलेल्यांची वाट बघत बसतात.

क्रमाचा नियम एकच: ज्यात पैसा कमी तो विषय वर, ज्यात जास्त तो खाली. चौकाचं नामकरण वर ठेवा. चौक म्हणजे दोन गल्ल्या जिथे एकमेकींना चिकटतात ती जागा, जिथे सध्या एक वडापावची गाडी, एक बंद पडलेला सिग्नल आणि कुणाची तरी झाकून ठेवलेली स्कूटर आहे. तिला कुणाचं नाव द्यायचं यावर बोलायला प्रत्येकाकडे काहीतरी असतं. ज्याच्याकडे नसतं, तो "मी पाठिंबा देण्यासाठी उभा आहे" असं म्हणून वीस मिनिटं उभा राहतो. दीड तास सहज जातो. मग कुणीतरी घड्याळाकडे बघतं, आणि ज्या कामांच्या रकमेतले आकडे नुसते मोजायलाही बोट लागतं, ती "मंजूर, मंजूर, पुढचा, मंजूर" अशी पाच मिनिटांत निघून जातात. इतक्या वेगाने मुंबईत फक्त चर्चगेटची फास्ट लोकल जाते, तीही रविवारी नाही.

आजींचा विषय या दोन्हींच्या मधे ठेवा. नामकरणानंतर लोक दमलेले असतात आणि निविदांच्या आधी घाईत असतात. मधला विषय पुकारला गेला की एक ज्येष्ठ सदस्य उठतात आणि म्हणतात, "विषय महत्त्वाचा आहे, त्यावर सविस्तर चर्चा व्हावी." त्यांना विरोध कोण करणार? सविस्तर चर्चेसाठी विषय पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवला जातो. पुढच्या सभेत गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, भरत नाही. घंटा वाजत राहते, सदस्य कॉरिडॉरमध्ये असतात, आणि कॉरिडॉरमध्ये घंटा ऐकू येते की नाही यावरही एखादी समिती नेमायला हरकत नाही. त्याच्या पुढच्या सभेत झटपट तहकुबी मांडली जाते. झटपट तहकुबी म्हणजे एखाद्या प्रश्नावर तीव्र निषेध म्हणून सगळेच प्रश्न सोडून घरी जाणे. ही युक्ती ज्याने शोधली, त्याच्या नावाचा चौक कसा नाही, याचं मला आजवर नवल वाटतं.

हरकतीचा मुद्दा हेही असंच एक हत्यार. शब्दकोशात त्याचा अर्थ कामकाजाच्या नियमावर घेतलेली हरकत. सभागृहात त्याचा अर्थ खड्डे, डास, भटकी कुत्री, हॉस्पिटलातली औषधं, शेजारच्या प्रभागातली कमान, थोडक्यात पत्रिकेवर नसलेलं सगळं. पत्रिका तुम्ही घाम गाळून लावलीत आणि पहिल्याच माणसाने हरकतीचा मुद्दा काढला, तर खिन्न होऊ नका. त्या दुपारपुरती तुमची जबाबदारी संपली.

स्थायी समितीत गेलात तर बुधवार मोकळा ठेवा, लग्नकार्यं बुधवारी घेऊ नका. सुधार, शिक्षण, बेस्ट या समित्यांवर गेलात तरी वाईट नाही. बाजार व उद्यान समितीवर गेलात तर मात्र घरच्यांना सांगू नका, भाजी आणायला तुम्हालाच पाठवतील. आणि तुम्ही नगरसेविका असाल (निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, शक्यता चांगलीच आहे) तर घरातल्या साहेबांसाठी कार्यालयात एक स्वतंत्र खुर्ची आधीच करून ठेवा. नाहीतर ते तुमच्याच खुर्चीत बसतील आणि पत्रिका वाचून "आपण यावर काय बोलायचं" असं विचारतील. 'आपण'कडे लक्ष असू द्या.

आता वर्षाचं वेळापत्रक. नालेसफाईवरची विशेष सभा जूनमध्ये घ्या. ३१ मेपर्यंत गाळ काढायचा असतो, त्याआधी सभा घेतली तर लोक विचारतील की गाळ निघाला का. जूनमध्ये घेतली तर हिंदमाताला गुडघाभर पाणी असतं, चर्चेला जिवंतपणा येतो आणि निम्मे सदस्य लोकल बंद असल्याने येऊ शकत नाहीत. २६ जुलै २००५ चा, सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरचा उल्लेख कुणीतरी करणारच, तो तुम्ही पहिला करा. खड्ड्यांची सभा गणपतीच्या आधी नको, मंडळं हिशेब मागतात. ती गणपतीनंतर घ्या, तोवर मूर्ती कशाबशा त्या खड्ड्यांतून गेलेल्या असतात आणि बाप्पांनी काही तक्रार केलेली नसते.

अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पाच तारखेपर्यंत मांडायचा असतो, त्यानंतर भाषणं. २२७ निवडून आलेले सदस्य प्रत्येकी १० मिनिटं बोलले तर होतात ३७ तास ५० मिनिटं. आणि १० मिनिटांत थांबणारा नगरसेवक अजून जन्माला यायचाय. भाषणाची आखणी सोपी आहे: पहिली पाच मिनिटं नेत्याचे आभार, पुढची पाच विरोधकांचं पाप, मग "माझ्या प्रभागातला एक छोटासा प्रश्न" आणि तेवढ्यात घंटा. छोटासा प्रश्न लेखी द्यायला सांगतात. लेखी दिलेल्या छोट्या प्रश्नांचं काय होतं, हे मी कधीच बघितलं नाही, पण रद्दीचा भाव बरा चालला आहे.

काहीजण तुम्हाला नाउमेद करतील. म्हणतील, सभांशिवायही शहर चाललंच की. खोटं नाही ते. ७ मार्च २०२२ ला मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी प्रशासक आले. पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं मुंबईत महासभा नाही, स्थायी समिती नाही, हरकतीचा मुद्दा नाही. आयुक्तांनी प्रस्ताव तयार करायचा आणि प्रशासकांनी मंजूर करायचा, आणि दोघं एकाच खुर्चीत, एकाच चष्म्यातून वाचणार. सूचक, अनुमोदक, सभापती, विरोधी पक्षनेता, सगळं एका माणसात! गणसंख्या कधी कमी पडली नाही. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प असाच, एकही कागद न भिरकावता मंजूर झाला. सभेच्या आखणीतला तो आदर्श आहे, आपल्याला तिथपर्यंत पोचणं नाही. ते पाहून लाजू नका, उलट तुमची गरज त्यातूनच सिद्ध होते. प्रशासकाला प्रश्न विचारायला मुंबईकराला मुख्यालयात खेटे घालावे लागायचे. आता त्याला तुमच्या घरी खेटे घालता येतील.

इतिवृत्ताबद्दल एकच सांगतो. ते कायम करायची वेळ येईल तेव्हा वाचू नका. वाचलंत तर कळेल की तुम्ही त्या दिवशी काय बोललात, आणि ते कुणालाच कळलेलं बरं.

हां, आजी. आजींचा विषय राहिलाच की.

चौथ्या सभेत तो एकमताने मंजूर होतो. होय, एकमताने, कारण सर्वंकष धोरणाला कोण नाही म्हणणार? टाळ्याही पडतात. तुम्ही चाळीत जाऊन पेढे वाटता, फोटो निघतो, आजींना मधे उभं करतात. त्या झोपेत असतात, पण फोटोत ते कळत नाही. मंजूर सूचना आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते. हा शब्द पाठ करून ठेवा. अभिप्राय आला नाही की प्रशासन झोपलंय असं तुम्ही म्हणू शकता, आणि आला की तो तुम्हीच आणलात असं म्हणू शकता.

तोही येतो, घाई नसते त्याला. पानभर तर सात तलावांचीच माहिती असते: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. पाणी किती लांबून येतं, ते मुंबईत शिरल्यावर कसं वाटलं जातं, त्याला किती व्हॉल्व्ह उघडबंद करावे लागतात, सगळं. वाचता वाचता तुम्हालाच वाटू लागतं की एवढ्या लांबून आलेल्या पाण्याला पहाटे साडेतीनला बोलावलं हेच आपलं चुकलं. शेवटच्या परिच्छेदात, 'सबब' या शब्दानंतर, मुद्दा येतो: "सबब, प्रस्तुत ठरावाच्या सूचनेस कारणीभूत असलेली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करण्यात आली असून रहिवासी अन्यत्र स्थलांतरित झाल्याने सदर प्रस्ताव दफ्तरी दाखल करण्याची शिफारस आहे."

तुम्ही सूचनेत चाळीचं नाव लिहिलं नव्हतं, तरी त्यांना बरोबर कळलं. खातं तल्लख आहे, उगीच नावं ठेवू नयेत.

आजींचा विषय क्रमांक सात दफ्तरी दाखल, म्हणजे फाईल बंद. कुणी आक्षेप घेत नाही, सगळ्यांचं लक्ष विषय क्रमांक एककडे लागलेलं असतं. चाळीच्या जागी टॉवरचा पत्रा लागला आहे, त्याच्यासमोर दोन गल्ल्या एकमेकींना चिकटतात, आणि त्या चौकाला नाव द्यायचं आहे. तुम्ही तयारीने आलेले असता. उभे राहा, माईक जवळ घ्या आणि पाणीप्रश्नासाठी तुम्ही दिलेल्या लढ्यापासून सुरुवात करा.

आजी विरारला लेकाकडे असतात. पहाटे तीनला त्यांना अजून जाग येते. तिथे पाणी दुपारी येतं म्हणे, पण सवय मोडत नाही. खटका दाबायला मोटरच नसल्यामुळे त्या तशाच अंधारात पाटावर बसून राहतात.