लांब पायांचा कोळी आणि ग्रुपवरचा तो मेसेज

गणपतीची साफसफाई सुरू झाली की आमच्या गावच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच: घरातला बारीक लांब पायांचा कोळी जगात सगळ्यात विषारी, दात तोकडे म्हणून आपण वाचतो, अंगावरून गेला की फोड येतात, तोंडात विषाची पिशवी असते, दिसला की स्प्रे मारा. यंदा काकांनी माजघरात आख्खा डबा संपवला, म्हणून लिहितोय.

आपल्याकडे वाशांच्या कोपऱ्यात असतो तो बहुतेक क्रॉसोप्रायझा लायोनी नावाचा, पोट चौकोनी डब्यासारखं आणि मागे वर टोक आलेलं, ब्लॅकवॉल नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८६७ मध्ये वर्णन केलेला. याच कुळातल्या फोल्कस नावाच्या कोळ्याचं विष तपासून झालंय, सस्तन प्राण्यांवर परिणाम किरकोळ. दात तोकडे हे पण खोटंच, त्याचे सुळे पाव मिलिमीटरच्या आसपास आणि आपल्या कातडीचा वरचा थर कित्येक जागी त्याहून पातळ. हा फोल्कस ऑस्ट्रेलियात रेडबॅक नावाचा खरोखर विषारी कोळी खातो, त्यावरून ही अफवा उठली असावी, पण मुंगूस नागाला मारतं म्हणून मुंगूस विषारी होतं काय?

आता फोड. फोड खरे आहेत हो, मला स्वतःला मानेवर आलेत, पण करणारा वेगळाच. पावसात ट्यूबलाइटवर केशरी-काळा, मुंगीएवढा लांबट किडा येतो ना, पेडेरस, तो चावत नाही की डंख मारत नाही, झोपेत आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विषारी रसायन कातडीला लागतं, लगेच काही कळत नाही, एखाद्या दिवसाने रेघ ओढल्यासारखी लाल पट्टी आणि जळजळ, कोपराच्या घडीत लागलं तर समोरासमोर दोन डाग. तोवर किडा गायब, वर बघितलं की कोळी दिसतो, झालं, आजी म्हणायची कातीण मुतली! किडा अंगावर बसला तर फुंकून उडवा, चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा.

विषाची पिशवी म्हणजे अंडी. मादी चार धाग्यांत गुंडाळून पिल्लं निघेपर्यंत तोंडात धरून बसते, बिचारी.

आणि स्प्रे? थायलंडमध्ये नेमक्या आपल्या या क्रॉसोप्रायझा लायोनी जातीवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये छापून आला, डेंग्यूचे डास खाते म्हणून. जळमटं मी पण काढतो, धूळ बसून ओंगळ दिसतात, केरसुणी लावली की कोळी जागच्या जागी गरगर हलत राहतो आणि मग माळ्याकडे सटकतो, तिथे मी जात नाही.