पाव आणि पाव इंच

खायचा पाव पोर्तुगीजांकडून आला आणि चौथा हिस्सा सांगणारा 'पाव' संस्कृतातल्या 'पाद'वरून. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, असं भाषेचे जाणकार सांगतात. त्यांनी एकदा माझ्या टेबलापाशी येऊन बसावं. घरात मोठं टेबल एकच. त्याच्या एका टोकाला शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला मैद्याची परात, आणि मधल्या वीतभर जागेत सरहद्दीवरची रोजची चकमक. काळ्या कापडावर पिठाचे ठसे उठतात, मळलेल्या पिठात निळा दोरा निघतो.

त्यातला पाव करायला सोपा. ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम यीस्ट. पाणी चमचाभर इकडेतिकडे झालं तरी पीठ मनाला लावून घेत नाही. विसरलात तर उलट जास्तच फुगतं आणि भांड्याबाहेर डोकावून तुम्हाला शोधतं.

पाव इंचाचं तसं नाही. गोधडीचे तुकडे जोडताना कडेला पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, सोडतात. शिंप्याच्या हिशेबात पाव इंच म्हणजे दोन सूत. शिवण अर्धं सूत आत गेली तर डोळ्याला कळतही नाही. पण शिवणीला बाजू दोन, म्हणजे एका शिवणीत एक सूत गेलं. दहा तुकड्यांच्या ओळीत शिवणी नऊ, गेलं नऊ सूत, इंचाच्याही वर! लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आम्ही सुतावरून उसवायला बसतो. बरं, शिवण उलगडून इस्त्री केली की घडीतच दोऱ्याएवढं कापड खपतं. म्हणून पाव इंच शिवायचं म्हणजे खरं तर पाव इंचाला केसभर कमी शिवायचं. 'पाव इंच म्हणजे पाव इंच नव्हे' हे नवख्या माणसाला सांगताना माझा चेहरा प्रवचनकारासारखा होतो, असं घरचे म्हणतात.

तर, आमच्या मंडळाने एका वृद्धाश्रमासाठी गोधडी करायचं ठरवलं. वीस जणी, प्रत्येकीचा एक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन. माप साडेबारा इंच, म्हणजे चारी बाजूंची माया शिवणीत गेल्यावर बारा उरणार. आडवे चार, उभे पाच. ४८ बाय ६० इंचांची सुबक गोधडी. जोडणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मी ओव्हनमध्ये डोकावत होते. वळून पाहते तर टाळ्या वाजत होत्या.

ब्लॉक आले. एक बरोबर बारा इंच, कारण 'शेवटी बाराच हवेत ना?' एक तेरा, कारण 'कमी पडायला नको'. हिच्या मायेबद्दल शंकाच नाही, शिवणीतल्याही आणि मनातल्याही. एकीची टेप सेंटिमीटरची. साडेबारा इंच म्हणजे ३१.७५ सेंटिमीटर, ते पंचाहत्तर कुठे मोजत बसू, म्हणून तिने सरळ बत्तीस कापले. एकीचा ब्लॉक चौकोन म्हणून निघाला आणि पतंग होऊन पोचला. इस्त्री वरून दाबायची असते, फिरवायची नसते. फिरवली की तिरपा कापलेला काठ ताणला जातो आणि मग परत येत नाही. एकीने मधोमध आठ बटणं लावली होती. का, ते मी विचारलं नाही.

मी प्रत्येक ब्लॉक मोजला आणि त्यावर टाचणीने चिठ्ठी लावली. 'तीन सूत कमी.' 'एक सूत जास्त.' 'पुन्हा करावा.' माझ्या टाचण्या मोजलेल्या असतात, डबीत दीडशे. ज्या टेबलावर पाव मळायचा तिथे टाचणी हरवून चालत नाही, हा माझा एकमेव कडक नियम. माझा स्वतःचा ब्लॉक तेवढा मोजला नाही. वीस वर्षं शिवतेय, स्वतःचं काय मोजायचं?

पुढच्या बैठकीत चिठ्ठ्यांसकट सगळ्यांना आपापले ब्लॉक दिले आणि प्रवचन झालं. पहिल्याच रांगेत मंडळातल्या सगळ्यात थोरल्या काकू. त्यांचा ब्लॉक दोन सूत कमी होता. "काकू, पाव इंच म्हणजे पाव इंच नव्हे," मी सुरू केलं. त्यांनी शेवटपर्यंत मान डोलावली. मग म्हणाल्या, "खरं आहे गं. आणि तुझा कुठला?" मी टेबलाकडे बोट दाखवलं आणि ओव्हन बघायला गेले.

दुरुस्त होऊन आलेले ब्लॉक मी आठवडाभर जोडत बसले. माझ्या ब्लॉकच्या चारी बाजूंचे शेजारी मात्र जरा जास्तच निघत होते. हळूहळू चेपून बसवले. लोकांना एकदा सांगून कळतच नाही.

मग खाली अस्तर, मध्ये कापसाचा थर, वर आमची वीस जणींची कलाकृती, आणि तिन्ही थरांतून मशीनची शिलाई. इथे खालचा दोरा संपतो. एलियस हाऊने दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट १८४६ साली घेतलं. त्याला पावणेदोनशे वर्षं झाली, पण खालचा दोरा संपल्याचं वेळेवर सांगण्याची बुद्धी माझ्या मशीनला अजून झालेली नाही. मी तीन फूट नुसती भोकं पाडत गेले. शिवाय एकाच जागी दोनदा सुई मोडली. तिसरी सुई घातली आणि त्या जागेला वळसा घालून पुढे गेले. मशीन जुनं झालंय, दुसरं काय.

काठ शिवायच्या दिवशी सगळं मंडळ जमलं. सकाळी मळलेले दोन पाव भाजून तयार होते. वाटप सुरू झालं आणि मी सवयीने टाचण्या मोजल्या. १४९. पुन्हा मोजल्या. १४९.

"सावकाश खा हं," मी म्हटलं, "गरम आहे."

पाव गार होऊन तास झाला होता. पण माझ्या आवाजात काहीतरी असावं. सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि एकेक घास दातांवर तोलून खाऊ लागल्या. एकीने तर तुकडा उजेडात धरून पाहिला. "कवच छान कुरकुरीत झालंय," कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या पोटात गोळा आला. काकू तेवढ्या निवांत होत्या. दुसरी चकती घेतली, वर लोणीही मागितलं.

सगळ्या सुखरूप घरी गेल्या. मी लोहचुंबक घेऊन फरशी पालथी घातली, गालिचा झटकला, पिठाचा डबा चाळला. शेवटी गोधडीची घडी घालायला घेतली, तर तीसुद्धा कुरकुरली.

गोधडीला कवच नसतं.

चुंबक फिरवला. एकोणीस ब्लॉकवरून तो मुकाट सरकला आणि विसाव्यावर टक्कन चिकटला. दोन सुया मोडल्या होत्या तीच जागा. माझाच ब्लॉक. मागून अस्तर चार बोटं उसवलं, कापूस बाजूला केला. ब्लॉकच्या उलट बाजूला, चारचौघांत दिसू नये अशा बेताने, टाचणीने टोचलेली चिठ्ठी होती. अक्षर काकूंचं.

'बाळ, एक सूत कमी आहे. बघ जमलं तर.'

टाचणी डबीत टाकली. दीडशे.