रेशनचा अंगठा आणि तेरावा अध्याय

माझी आत्या वास्कोला राहते, वय सत्तरीच्या पुढे. गेल्या महिन्यात ती रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतली, कारण यंत्रावर अंगठा ठेवायला तिने नकार दिला. तिला व्हॉट्सअॅपवर संदेश आला होता : आधारचा अंगठा म्हणजे बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातली श्वापदाची खूण, ती उजव्या हातावर घेतली की तारण गेलं. तोच संदेश मला मडगावहून आला, म्हापशाहूनही आला. एका म्हातारीच्या ताटातला भात त्याने काढून घेतला, म्हणून रागानेच लिहिते आहे.

संदेशाचा सगळा भार त्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातल्या १६ ते १८ (१३:१६-१८) या वचनांवर आहे. खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर, खुणेशिवाय खरेदी-विक्री नाही, संख्या ६६६. इथे संदेश थांबतो. पुढचंच वचन का नाही वाचत? १४:१ मध्ये सियोन डोंगरावर कोकरा, म्हणजे ख्रिस्त, उभा आहे आणि त्याच्यासोबतच्या १,४४,००० जणांच्या कपाळावर त्याचं व त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. पुस्तक लिहिणाऱ्या योहानाच्या लेखनात ही वचनं सलग होती. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाच्या कपाळावर देवाचं नाव गोंदलेलं नाही. ते नाव म्हणजे आपण कुणाचे आहोत ते, हे सगळ्यांना कळतं. मग शेजारच्याच वचनातली खूण अंगठ्याचा ठसा कशी होते? शिवाय यंत्रावर बोट टेकवल्याने हातावर काहीच उमटत नाही. १४:९ तर स्पष्ट सांगतं की खूण घेणारा तो, जो श्वापदाला नमन करतो. तांदूळ घेताना आत्या कुणाला नमन करते?

आता ६६६. वचनच म्हणतं की ती माणसाची संख्या आहे, बुद्धी असेल त्याने हिशेब करावा. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंक असतात, तसे हिब्रूतही असतात. ‘नेरोन केसर’, म्हणजे सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा : ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत ही संख्या ६१६ आहे. ‘नेरोन’मधला शेवटचा न काढून लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं, की नेमके पन्नास कमी होतात. एकाच नावातून दोन्ही आकडे निघतात, म्हणून बहुतेक अभ्यासक नीरोकडेच बोट दाखवतात. इ.स. ६४ मध्ये रोम जळल्यावर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा तो हाच. आधार क्रमांक बारा आकडी असतो आणि यादृच्छिक दिला जातो. त्यात कुणाचंही नाव नाही.

चिन्हांचा अर्थ हे पुस्तक पुष्कळदा स्वतःच सांगतं. सात समया म्हणजे सात मंडळ्या (१:२०), सात डोकी म्हणजे सात डोंगर (१७:९). सात टेकड्यांचं शहर म्हणजे रोम, हे रोमच्या आशिया प्रांतातल्या (आजचं पश्चिम तुर्कस्तान) त्या मंडळ्यांना विचारावं लागत नव्हतं. समुद्रातून वर येणारं श्वापद म्हणजे अमका देश, असं संदेश म्हणतो. बंदराच्या गावात राहणाऱ्यांना तरी हे कळावं : त्या मंडळ्यांपैकी एकीच्या गावी, इफिसच्या बंदरात, रोमचा सुभेदार गलबतानेच उतरायचा. त्या श्वापदाच्या वर्णनातले सिंह, अस्वल, चित्ता जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातून आलेत, आणि तिथे ते राज्यं आहेत असं लिहिलेलंच आहे.

बारकोडमध्ये ६६६ दडलंय असंही म्हणतात. त्यातल्या लांब रेघा सहाचा आकडा दाखवणाऱ्या रेघांसारख्या दिसतात, हे खरं. पण त्या स्कॅनरला सुरुवात, मध्य, शेवट दाखवतात, अंक नाहीत. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पत्रांत आहे, आणि तिथे तसे पुष्कळ जण आधीच आले आहेत असं म्हटलंय. प्रकटीकरणातला फिकट घोडा म्हणजे कोरोना, असंही कुणी म्हणतं, त्यावर शब्द घालवत नाही.

एक मात्र मान्य करते. सत्ता पोटाच्या मार्गाने निष्ठा मागते, ही योहानाची भीती खोटी नव्हती. आधारबद्दलची काळजीही नुसती अंधश्रद्धा नाही. बँक खातं आणि मोबाइलला आधार जोडायची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र माणसाला ओळखत नाही, हेही खरं. त्यावर भांडायचं तर भांडू या, मी पुढे येईन. पण ते भांडण नरकाची भीती घालून म्हाताऱ्यांच्या माथी का मारायचं?

आत्यासमोर बसून ती सात अक्षरं कागदावर लिहून दाखवली. तिने स्वतः दोनदा बेरीज केली. मग विचारलं, “पण तुला खात्री आहे ना गो?” शनिवारी मी तिच्यासोबत दुकानात जाणार आहे. रेशनकार्डाबरोबर बायबलही पिशवीत ठेव, असं तिने बजावलंय.